दोन्या रोस्मीराची शिकवणी

आग्वालिंदाच्या चौकात शहरातल्या डॉक्टरांची जीप येऊन थांबली की दोन्या रोस्मीरा आधी एप्रन काढी, मग केस विंचरी, आणि मगच जीपकडे बघे. अठरा वर्षांत हा क्रम मोडला नव्हता. डॉक्टर म्हणजे पाहुणे. पाहुण्यांसमोर पिठाच्या हातांनी उभं राहणारी बाई तिच्या आईच्या घरात जन्मलीच नव्हती.

तिचा धंदा पावाचा. कसाव्याचं पीठ आणि खारट चीज मळून केलेले गोल गोल पानदेबोनो ती भट्टीत सरकवी, आणि त्यांचा वास डोंगर उतरून खालच्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत जाई. त्रेसष्ट वर्षांची बाई, म्हणून गावाची ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब. गुडघे कुरकुरत, जीभ मात्र कधी कुरकुरली नाही. ती सरळ बोले. नवरा पूर्वीच सपाटीवर ऊसतोडीला गेला आणि तिकडच्याच एका बाईच्या अंगणात रुजला. मागे राहिला मुलगा, आर्बेय.

आर्बेय आता चौतीस वर्षांचा होता. उंच, लांबट चेहऱ्याचा, आणि कान असे मोठे की कितीही वारा सुटला तरी टोपी उडायची नाही. कुणी भेटलं की हात पुढे, पण तोंड भिंतीकडे. आवडलेलं वाक्य दिवसातून चाळीसदा. गावात त्याच्यासारखे आणखी सहा जण होते. गाव त्यांना ‘कोवळे’ म्हणे. एका फेरीवाल्यानं एकदा त्यांना वेडे म्हटलं, तर त्याला आग्वालिंदात कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

डॉक्टर या कोवळेपणाला फ्रॅजाइल एक्स म्हणत. मोठे डॉक्टर, फानोर, पांढऱ्या मिशांचे, पहिल्या वर्षापासून येणारे. त्यांनी एकदा रोस्मीराला जपमाळ हातात घेऊन समजावलं होतं. आईकडून लेकराकडे एक माळ जाते. त्या माळेत एका जागी एकच मणी थोड्याच वेळा असावा, तो दोनशेहून जास्त वेळा ओवला गेलाय. प्रार्थना तिथंच अडकते, पुढं सरकत नाही.

“आमचे फादर तेच करतात,” रोस्मीरा म्हणाली होती, “तरी मिस्सा संपते.”

पण घरी गेल्यावर तिनं आपली जपमाळ काढून मणी मोजले होते. दोनदा. माळ तिच्याकडून गेली होती ना.

मागच्या वर्षापासून मात्र आर्बेयचं काही तरी बिघडलं. गावात मोटारसायकली आल्या, चौकातल्या दारूच्या दुकानात मोठा स्पीकर आला, आणि प्रत्येक आवाजाबरोबर आर्बेयचा उजवा हात तोंडात जाऊ लागला. अंगठ्याच्या मुळाशी तो चावे. जखम भरायच्या आत पुन्हा चावे. रोस्मीरानं त्याच्या हातात मोजे घातले, पट्ट्या बांधल्या, हळद नव्हती तर कॉफीची पूड दाबली. हात काही सुटेना. झोपही उडाली. सुई पडल्याच्या आवाजानं जागं होणारं एवढं मोठं लेकरू घरात असलं की आईच्या पापण्यांनाही काम उरत नाही.

अशात नव्या वर्षाला डॉक्टर फानोरचं पत्र आलं. फादरनी ते चर्चमध्ये वाचून दाखवलं. शहरातल्या दवाखान्यातर्फे एक अभ्यास सुरू होणार होता. वर्षभर दर महिन्याला खास शिकलेली नर्स गावात येणार, औषध देऊन बघणार, बोलण्याचे व्यायाम घेणार. त्याआधी जून महिन्यात सगळ्या कोवळ्यांची बुद्धीची चाचणी होईल आणि त्यावरून नावं निवडली जातील.

चाचणी आणि निवड, हे दोन शब्द एका पत्रात आले की कुठलीही आई जे समजेल तेच रोस्मीरा समजली. जो जास्त गुण मिळवेल त्याचं नाव.

आणि गंमत अशी की प्रश्न तिला पाठ होते. मागच्या वर्षी आर्बेय एकटा आत बसेना म्हणून चाचणीच्या खोलीत कोपऱ्यात तिला खुर्ची मिळाली होती. लिहिता वाचता तिला बेताचंच येई, पण चाळीस घरांच्या पावाच्या मागण्या ती डोक्यात ठेवी. चाळीस प्रश्नांचं काय मोठं!

तिनं अंगणात भट्टीशेजारी दोन बाकं टाकली आणि शिकवणी सुरू केली. एकट्या आर्बेयची नव्हे, साऱ्या सातांची. आपलं एकट्याचं पोर पुढं काढणं तिच्या स्वभावात नव्हतं; शिवाय समोर राहणारी ओफीर गप्प बसली नसती. ओफीर तिची कोमाद्रे, बाप्तिस्म्याच्या नात्यानं जोडलेली मैत्रीण. सातांतल्याच एकाला, ओफीरच्या एरिबेर्तोला, बाप्तिस्म्याच्या वेळी रोस्मीरानंच हातांवर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशिवाय राहत नसत आणि एकमेकींना सोडतही नसत.

“शेजारच्या घरातून धूर येताना दिसला, तर काय करशील?” रोस्मीरा गेल्या वर्षी चाचणी घेणाऱ्या डॉक्टरबाईच्या आवाजात विचारी.

“कॉफी झाली का विचारीन,” एरिबेर्तो म्हणे. आग्वालिंदात धुराचा दुसरा अर्थ नव्हता.

“चूक! अग्निशामक दलाला बोलावीन.”

“ते कुठं राहतात?”

“चाचणीत राहतात. म्हण.”

एके दिवशी हाच प्रश्न घोटून घेताना भट्टीतून करपल्याचा वास आला. रोस्मीरा दोन्ही हात वर करून किंचाळली, “अगं बाई, माझा पाव जळला!” आणि धावली. परत येऊन बघते तो सातही जण हात वर करून एका सुरात म्हणत होते, “अग्निशामक दलाला बोलावीन. अगं बाई, माझा पाव जळला!”

कोवळ्यांचं पाठांतर म्हणजे पाठांतर. शब्द सुरासकट उतरायचे आणि त्यात खोकला असला तर तोही यायचा.

“ते म्हणायचं नाही!” रोस्मीरा ओरडली.

दुसऱ्या दिवशी सातही जणांनी उत्तर पूर्ण केलं. “अग्निशामक दलाला बोलावीन. अगं बाई, माझा पाव जळला! ते म्हणायचं नाही!”

तिथंच तिनं हात टेकले. बाकी एकोणचाळीस उत्तरं सोन्यासारखी झाली होती. एकाला डाग असला तर असू दे, असं ती ओफीरला म्हणाली.

जून महिना आला, जीप आली, एप्रन उतरला. आरोग्य केंद्राच्या ओसरीवर सातांची रांग लागली. सगळ्यांचे केस एकाच बाजूला चोपून बसवलेले, शर्टांची वरची बटणं गळ्याशी लावलेली. डॉक्टर फानोरबरोबर गेल्या वर्षी चाचणी घेणारीच तरुण डॉक्टरबाई होती, यूलिएत. आधी एरिबेर्तो आत गेला. ओसरीवर रोस्मीरा आणि ओफीर खिडकीला कान लावून बसल्या.

वीस मिनिटं सगळं छान चाललं. मग आतून खणखणीत आवाज आला, “अगं बाई, माझा पाव जळला!”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. यूलिएत धावत ओसरीवर आली, हवा हुंगली, मागच्या चुलीकडं जाऊन बघून आली. “काही जळत नाहीये,” ती कुणालाही उद्देशून नसल्यासारखी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्याच्या वेळी ती दारापर्यंत आली. तिसऱ्याच्या वेळी नुसती मान वर केली. चौथ्यानं हात वर करायच्या आधीच आतून तिचा स्वतःचा आवाज आला, “ठीक आहे, पाव जळला. पुढं?”

“ते म्हणायचं नाही!” चौथा तिला ओरडला.

सगळ्यात शेवटी आर्बेय. तो यूलिएतनं प्रश्न विचारायची वाटच बघेना. तिचं पुस्तक उघडायच्या आत पहिल्या दहा प्रश्नांची उत्तरं देऊन मोकळा झाला, आणि मग तिच्याच आवाजात, तिच्यासारखा घसा साफ करत, भिंतीकडं बघून म्हणाला, “खूप छान. आता आपण चित्रं बघू या का?”

दुपारी डॉक्टर फानोरनी रोस्मीराला आत बोलावलं. टेबलावर सात कागद पसरले होते. यूलिएत कपाळ धरून बसली होती.

“दोन्या रोस्मीरा,” फानोर म्हणाले, “आर्बेयला शहाण्णव गुण पडलेत.”

“शंभरात चारच कमी!” रोस्मीरा खुर्चीत ताठ झाली. “चित्रांत गडबडला असणार. चित्रं मला नीट आठवत नव्हती.”

“एरिबेर्तोला ब्याण्णव.”

“तो आळशीच आहे. मी ओफीरला सांगितलं होतं.”

फानोरनी मिशा चोळल्या. “गेल्या वर्षी सातही जण पन्नाशीच्या आसपास होते. एका वर्षात सगळे बरे झाले म्हणून मी शहरात सांगितलं, तर ते आधी मला तपासतील. पाव कुणाचा जळला होता?”

रोस्मीरानं पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला. “एकच परात गेली,” ती हळूच म्हणाली.

मग यूलिएतनं समजावलं. ही परीक्षा नव्हती. मदत ज्यांना लागते त्यांच्यासाठी जागा होत्या. सत्तरच्या वर आकडा गेला की नाव बसत नाही. आणि उद्या दुपारी जीप निघायच्या आत खरे आकडे हातात आले नाहीत, तर आग्वालिंदाचं एकही नाव या वर्षी बसणार नाही.

रोस्मीराच्या डोळ्यांपुढं तो चावलेला हात आला. आणखी एक वर्ष.

“म्हणजे पहिला आला तर बाहेर?”

“हो.”

“आणि नापास झाला तर आत?”

“नापास असं यात काही नसतं, दोन्या रोस्मीरा. आम्ही फक्त—”

“डॉक्टरबाई, मला गोड बोलू नका. आत का बाहेर?”

“आत.”

रोस्मीरा उठली. “मग काय अवघड आहे? आज संध्याकाळी सातही जणांना घेऊन बसते. उद्यापर्यंत चाळीसच्या चाळीस चुकीची उत्तरं पाठ करून घेते.”

“नको!” दोन्ही डॉक्टर एकदम ओरडले. बाहेर बाकावर आर्बेयनं दोन्ही कान झाकले.

जीपमध्ये चाचणीचं दुसरं पुस्तक होतं. त्यातले प्रश्न वेगळे, आग्वालिंदात कुणी न ऐकलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडायचं ठरलं. अट एकच. घरचं कुणीही आरोग्य केंद्राच्या जवळपास फिरकायचं नाही. सगळ्या आया, बहिणी, एक आजोबा, साऱ्यांना चौकाच्या पलीकडे चर्चच्या पायऱ्यांवर बसवण्यात आलं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला फादरना.

आर्बेय आईशिवाय आत जाईना. शेवटी रोस्मीरानं गळ्यातला रुमाल काढून त्याच्या चावलेल्या हातात दिला. “हा धर. हा माझाच आहे. आणि बाळा, आत मनाला येईल ते बोल.”

“बरोबर काय ते सांग,” आर्बेय म्हणाला. “मा, बरोबर काय ते सांग.”

“आज नाही सांगायचं.”

ती पायऱ्यांवर येऊन बसली, पण तिचे हात रिकामे राहीनात. मांडीवर ती नसलेलं पीठ मळत होती.

“कोमाद्रे,” ओफीर शेजारून म्हणाली, “तुझ्या शिकवणीनं गावाचं भलं केलंस हं.”

“तुझा रोज उशिरा यायचा. तेवढंच त्याचं कमी नुकसान झालं.”

“ब्याण्णव पडले माझ्या पोराला! घराण्यात कुणाला पडले नव्हते.”

“आता उतरतील, घाबरू नकोस.”

ओफीर हसायला लागली, आणि मग दोघीही हसल्या, फादरनी डोळे वटारेपर्यंत. हसू ओसरल्यावर रोस्मीरा चर्चच्या उघड्या दारातून आत बघू लागली. आतल्या मूर्तीशी ती नेहमी मोठ्यानं बोले.

“माते मारिये, तुझ्याकडं मी काय काय मागितलं ते तुला माहीत आहे. पोरगा बोलू दे म्हटलं, तो बोलला. पाऊस दे म्हटलं, तो तू कधी कधी दिलास. आज पोराला काही येऊ देऊ नकोस. आणि माझ्या तोंडाकडं बघू नकोस, मी कशी मागतेय ते.”

“हळू, दोन्या रोस्मीरा,” फादर म्हणाले. “बाकीच्यांचीही प्रार्थना चाललीय.”

“सगळ्यांची एकच आहे, फादर. एकदाच पोचवा.”

पाऊण तासानं तिला बोलावणं आलं. आर्बेयचं संपलं होतं. तो ओसरीवर रुमाल हातात गुंडाळून बसला होता. आता तिचीच पाळी होती, कारण एक फॉर्म घरच्या माणसानं भरायचा होता. आर्बेय रोज स्वतःचं स्वतः काय काय करतो, हे सांगायचं. यूलिएत विचारी आणि खूण करी. दार उघडंच होतं.

“बुटाच्या नाड्या स्वतः बांधतो?”

“बांधतो की!”

“मा बांधते,” ओसरीवरून आवाज आला.

रोस्मीरा खोकली. “म्हणजे तो पाय पुढं करतो.”

“दाढी स्वतः करतो?”

“आरशात बघून करतो. अगदी—”

“मा करते. मा कापते पण.”

“एकदाच कापलं होतं!” रोस्मीरा दाराकडं वळून म्हणाली. “गप्प बस, मोठी माणसं बोलताहेत.”

“दुकानात एकटा जाऊन वस्तू आणतो?”

रोस्मीराचं तोंड उघडलं. ‘आणतो’ हा शब्द जिभेवर तयार होता. चौतीस वर्षं तो तयारच असे, शेजाऱ्यांसाठी, नातेवाइकांसाठी, बाजारात भेटणाऱ्या सपाटीवरच्या बायकांसाठी. यूलिएतनं पेन थांबवलं होतं. ओसरीवर आर्बेयही थांबला होता. त्यालाही उत्तर ऐकायचं होतं.

“नाही,” रोस्मीरा म्हणाली.

पुढचे प्रश्न तसेच गेले. बसनं एकटा जातो? नाही. ताप आला तर सांगतो? नाही. पेटलेल्या चुलीपासून जपतो? कधी कधी. रात्री सलग झोपतो? नाही. प्रत्येक ‘नाही’ तिनं पिशवीतून दगड काढून टेबलावर ठेवावा तसा ठेवला. तीसेक ‘नाही’ झाल्यावर तिला जाणवलं की आपले खांदे खाली आलेत आणि पाठ दुखायची थांबलीय.

“रडताय का?” यूलिएतनं विचारलं.

“चीजचा खारटपणा डोळ्यात जातो.” पाव करून सहा तास झाले होते.

जेवणाच्या वेळेपर्यंत फानोरनी बेरजा मांडल्या. “आर्बेयचा आकडा सत्तेचाळीस. नाव बसलं, दोन्या रोस्मीरा. सातही जणांची बसली.”

रोस्मीरानं क्रुसाची खूण केली, छाती भरून श्वास घेतला, आणि मग तिच्या भुवया जवळ आल्या.

“सत्तेचाळीस?”

“हो.”

“इतके कमी?”

“काल तुम्हीच तर—”

“ते कालचं झालं. सत्तेचाळीस म्हणजे काय, पोरगा दगड आहे का माझा? ओफीरच्या पोराला किती?”

“ते सांगता येत नाही.”

“जास्त का कमी, एवढंच सांगा.”

“तेही नाही.”

“मग याचे पन्नास करा. गोल आकडा. सत्तरच्या आतच आहे ना? तुमचं काय जातं?”

“बाई, हा बाजार आहे का?” फानोर म्हणाले, पण मिशांखाली त्यांचं हसू लपेना. “आकड्याला आम्ही हात लावला, तर अभ्यासाला काय अर्थ राहिला? आणि एक सांगतो. या पुस्तकात जे विचारलंय तेवढंच तो आकडा सांगतो. मला चार गावांतून आलेली सगळी माणसं आवाजावरून ओळखता येत नाहीत. त्याला येतात. मघाशी नुसत्या आवाजावरून त्यानं मला जीपचा कुठला टायर बसलाय ते सांगितलं.”

“डावा मागचा,” आर्बेय ओसरीवरून म्हणाला. “डावा मागचा. डावा मागचा.”

रोस्मीरानं मग कागद पूर्ण वाचून घेतला, म्हणजे यूलिएतकडून वाचवून घेतला. कधीही बाहेर पडता येईल. काही त्रास झाला तर लगेच कळवायचं. काहींना खरी गोळी मिळेल, काहींना नुसत्या साखरेची, आणि कुणाला कुठली हे वर्षभर ना आईला कळणार, ना नर्सला.

“मी चाखून सांगू?” रोस्मीरानं विचारलं.

“नाही!”

तिनं सही केली. आर्बेयलाही विचारलं गेलं, त्याला सोप्या शब्दांत सगळं सांगून, की दर महिन्याला नर्स आली तर चालेल का. त्यानं आईकडं बघितलं. रोस्मीरानं खिडकीबाहेर बघितलं. मग तो म्हणाला, “तिनं गाडी लांब लावायची.” यूलिएतनं ते कागदावर लिहिलं.

“आणि आता, दोन्या रोस्मीरा,” निघताना फानोर जीपमधून म्हणाले, “त्याला काही शिकवायचं नाही.”

“काहीच नाही?”

“नर्स विचारेल त्याचं तर मुळीच नाही.”

नर्सचं नाव सेलेनी. ठरल्याप्रमाणे ती महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायची आणि गाडी चर्चच्या मागं लावून चालत यायची. पहिल्या भेटीत आर्बेय तिच्याशी बोललाच नाही. हात दिला, भिंतीकडं बघितलं, आणि पाव घेऊन परसात निघून गेला. सेलेनीनं आग्रह केला नाही. रोस्मीरानं त्या दिवशी जेवढी जीभ आवरली तेवढी आयुष्यात आवरली नव्हती.

दुसऱ्या भेटीत सेलेनीनं आधी हात बघितला. जखमेवर खपली धरली होती. गोळीनं, का दारूच्या दुकानाला फादरनी स्पीकर आत घ्यायला लावला त्यानं, हे इतक्यात सांगता यायचं नाही, असं ती म्हणाली. मग तिनं वही काढली.

“आर्बेय, झोप कशी लागते?”

रोस्मीराला उत्तर ठाऊक होतं. पूर्वीपेक्षा बरी, पहाटे एकदा उठतो, आठवड्यातून दोनदा सलग. सगळं कसं नीट, सांगण्याजोगं. तिनं परातीतलं पीठ दोन्ही मुठींनी धरलं आणि ओठ मिटले. भट्टीत लाकूड तडकलं. समोर ओफीरनं अंगण झाडलं, पूर्ण झाडलं, झाडू ठेवून दिला. सेलेनी नुसती बसून होती. तिला वाट बघायला शिकवलेलं होतं. रोस्मीराला कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी ती बसून राहिली.

आर्बेयनं टोपी काढली, पुन्हा घातली. भिंतीकडं बघितलं. मग सेलेनीच्या बुटांकडं.

“मा घोरते,” तो म्हणाला.

सेलेनीनं वहीत वाकून लिहिलं, शब्दाला शब्द. रोस्मीराच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं मुठीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.